पाहुण्याचा नंबर

झाशीच्या जुन्या शहरातला बडा बाजार पर्यटकांसाठी मांडलेला बाजार नाही. लग्नकार्याची आणि रोजच्या संसाराची खरेदी हा त्याचा खरा जीव. तरीही परदेशी माणूस या भागात दिसतो, कारण झाशी वाटेवरचं शहर आहे. दिल्लीहून गतिमान किंवा शताब्दीने सकाळी निघायचं, झाशीला उतरायचं, किल्ला आणि जुनं शहर पाहायचं आणि मग वीस किलोमीटरच्या आत असलेलं ओरछा किंवा पुढे खजुराहो गाठायचं, असा त्याचा नेहमीचा रस्ता. खजुराहोची मंदिरं १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे हा ओघ आजचा नाही. मराठी वाचकालाही हे शहर परकं नाही. नेवाळकर राजघराण्याच्या काळात इकडे आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज अजून इथे राहतात, आणि आपल्याकडून राणीचा किल्ला बघायला जाणारेही कमी नाहीत. त्यांच्या आणि त्या परदेशी पाहुण्याच्या प्रवासात आज एक मोठा फरक आहे. आपल्या खिशात भारतीय नंबर असतो, त्याच्या खिशात नसतो. त्या एका फरकामुळे त्याच्या वाटेतली किती दारं बंद होतात, याचा आपण फारसा विचार केलेला नाही. आपण परदेशी जातो तेव्हा तीच दारं उलट बाजूने आपल्यावर बंद होतात, आणि तेव्हा मात्र आपण कळवळतो.

या विषयावर बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतो. एक डेटा, दुसरा नंबर. परदेशात इंटरनेट मिळवणं हा आता अवघड प्रश्न राहिलेला नाही. आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक घेता येतो, तिथे उतरल्यावर सिम विकत घेता येतं, निघण्यापूर्वी घरी बसून ई-सिम फोनमध्ये भरता येतं. भारतात येणाऱ्यालाही हेच मार्ग खुले आहेत, आणि भारतातला डेटा तर जगातल्या सर्वांत स्वस्त डेटापैकी आहे. पण परदेशातून भरून आणलेलं ई-सिम बहुधा फक्त डेटा देतं. त्यावर नकाशा उघडतो, घरी व्हिडिओ कॉल लागतो. मात्र समोरच्या पडद्यावर ‘मोबाइल क्रमांक टाका’ असं लिहून आलं आणि त्याआधी +९१ छापलेलं असलं की तिथे सगळं थांबतं. म्हणजे पाणी मुबलक आहे, पण भांडं असल्याशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे, आणि भांडं गावातल्या माणसाकडेच असतं.

साधं उदाहरण रेल्वे स्थानकावरच्या मोफत वायफायचं घेऊ. देशातल्या सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ही सोय आहे, आणि ती आपल्या रेल्वेने केलेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे. ती वापरायची तर मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, त्यावर ओटीपी येतो, तो भरला की जोडणी सुरू होते. ज्याच्याकडे भारतीय सिम आहे त्याच्याकडे डेटा आधीच आहे. वायफायची खरी निकड ज्याला आहे त्या परक्या माणसाकडे हा नंबरच नाही. सार्वजनिक सोय गरजवंताला सोडून बाकी सगळ्यांना मिळावी, असं कोणी ठरवून केलेलं नाही. ओटीपी हीच ओळख हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की असं झालं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. टॅक्सीचं ॲप, जेवण मागवण्याचं ॲप, तिकिटाची नोंदणी, एखाद्या दुकानाचं बिल, अनेक ठिकाणी हेच.

मग त्याने सिम का घेऊ नये? घ्यावं, पण कुठून? मोठ्या विमानतळावर कंपन्यांचे काउंटर असतात आणि तिथे परदेशी गिऱ्हाइकाची सवय असते. तिथली रांग टाळून जो थेट गाडीत बसला तो झाशीत उतरतो तेव्हा त्याच्यासमोर असतं बाजारातलं मोबाइलचं दुकान. परदेशी माणसाला सिम द्यायचं तर पासपोर्ट, व्हिसा, फोटो हे सगळं लागतं. वर्षानुवर्षं स्थानिक संदर्भाचीही अट होती, म्हणजे इथल्या कोणाचा तरी पत्ता आणि नंबर. परक्या गावात जो आजच आला त्याने हमीदार कुठून आणायचा? दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी आणि पडताळणी सक्तीची आहे. त्याआधी त्याच वर्षी सरकारने सुमारे ५२ लाख संशयास्पद जोडण्या तोडल्याचं आणि ६७ हजार विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकल्याचं जाहीर केलं होतं. ज्या पासपोर्टवरची लिपीसुद्धा ओळखीची नाही त्याच्या कागदपत्रांची जोखीम थोड्याशा कमिशनसाठी छोट्या दुकानदाराने का घ्यावी? त्याने हात जोडून नाही म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही. शिवाय आता आणखी एक अडचण आली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही. दुकानदार तयार असला, कागद पुरे असले, तरी त्याच्या हातातलं प्लास्टिकचं कार्ड त्या फोनमध्ये बसणार नाही.

सरकारला हे कधी सुचलंच नाही असं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ई-व्हिसावर येणाऱ्या पर्यटकांना दिल्ली विमानतळावर बीएसएनएलचं सिम मोफत देण्याची योजना सुरू झाली होती, ५० रुपयांचा टॉकटाइम आणि ५० एमबी डेटा असलेलं. कल्पना अगदी योग्य होती, पण ती रुजली नाही. माझ्या मते चूक मोफत देण्याच्या हट्टात होती. पाहुणा सिमचे पैसे आनंदाने देईल. त्याला पैसे वाचवायचे नसतात, त्याला वेळ आणि मनःस्ताप वाचवायचा असतो. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या निमित्ताने परदेशी प्रवाशांसाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ हे प्रीपेड पाकीट आलं. भारतीय बँक खातं नसतानाही दुकानातला क्यूआर स्कॅन करून पैसे देता यावेत हा त्याचा हेतू. हे पाऊल महत्त्वाचं अशासाठी की पाहुण्याची ओळख पासपोर्ट आणि व्हिसावरून पटवता येते, हे आपल्याच यंत्रणेने इथे मान्य केलं. मग एवढं मान्य आहे तर स्थानकाच्या वायफायपाशी पासपोर्ट का पुरत नाही?

एक जुनी गोष्ट इथे आठवायला हवी, कारण झाशीला ती विशेष लागू आहे. झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात. दहा वर्षांपूर्वीपर्यंत भारतीय ग्राहकालाही राज्यांची अशी सीमा ओलांडली की रोमिंगचा दर लागायचा. सकाळी बडा बाजारात उघडलेला फोन दुपारी ओरछ्यात बेतवेच्या काठी महाग व्हायचा. तेव्हाही कंपन्या सांगत असत की वेगळं सर्कल, वेगळं जाळं, खर्च येणारच. मग बाजारात स्पर्धा वाढली, २०१६ मध्ये जिओने देशांतर्गत रोमिंग फुकट केलं, एअरटेलने १ एप्रिल २०१७ पासून ते दर काढून टाकले, आणि ‘खर्च येणारच’ हा युक्तिवाद काही महिन्यांत विरून गेला. योगायोग असा की त्याच वर्षी, १५ जून २०१७ रोजी, युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांमधलं जादा रोमिंग शुल्क कायद्याने बंद केलं, आणि पुढे त्या नियमाची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. एकीकडे स्पर्धेने झालं, दुसरीकडे कायद्याने. दोन्हीकडे फोनसेवा चालूच राहिली. प्रवाशाच्या वाटेतला जो अडथळा निसर्गनियम वाटतो, तो पुष्कळदा नुसती चालत आलेली रीत असते.

आता उलट बाजू पाहू, कारण मराठी घरांना ती जास्त जवळची आहे. मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी सिडनीत, आणि आईवडील चार-सहा महिने तिकडे, हे चित्र पुण्या-ठाण्यातच नव्हे तर सांगली-नाशिकच्या घरांतही नेहमीचं झालं आहे. तिकडे डेटाची चिंता नसते, घरात वायफाय असतं. चिंता असते ती इथल्या नंबराची. पेन्शनचं खातं, ठेवीचं नूतनीकरण, सोसायटीचा देखभाल खर्च, विजेचं बिल, प्रत्येक गोष्टीला ओटीपी आणि तो येणार इथल्या सिमवर. नियम असा की प्रीपेड नंबर नव्वद दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. खात्यात किमान वीस रुपये असले तर ते कापून नंबर आणखी तीस दिवस टिकतो, ही सोय २०१३ पासून आहे, पण ती माहीत असणारा माणूस क्वचितच भेटतो. बंद झालेला नंबर पुढच्या नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. म्हणजे एखाद्या लांबलेल्या मुक्कामात, आजारपणात किंवा नातवंडाच्या जन्माच्या निमित्ताने वाढवलेल्या सुट्टीत, एका ज्येष्ठ नागरिकाच्या बँक खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती पडू शकते. इतकं मोठं जोखमीचं काम आपण एका रिचार्जवर टांगून ठेवलं आहे.

प्रवाशाची ओळख पटवण्याचा प्रश्न जुनाच आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले. १९०७ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळे हे आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे. त्या काळी दूर निघालेला माणूस ओळखीची पत्रं सोबत घेई, व्यापारी हुंडी घेई, आणि परक्या गावात पेढीवर ती दाखवली की काम होई. त्या व्यवस्थेत पुष्कळ उणिवा होत्या. पण एक शहाणपण होतं: ओळख माणसासोबत प्रवास करत असे. आजच्या ओटीपीने ती घराच्या उंबऱ्याला बांधून ठेवली आहे. माणूस पासपोर्ट घेऊन साऱ्या जगात फिरतो, त्याच्या बोटांचे ठसे आणि चेहरा दोन-दोन देशांच्या नोंदीत असतात, आणि तरीही स्वतःच्या बँकेला तो स्वतःच आहे हे पटवून देण्यासाठी त्याला कार्डाच्या एका तुकड्याची साक्ष लागते.

ही गाठ सुटण्याऐवजी आणखी घट्ट होण्याची चिन्हं आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या सेवांना आदेश दिला की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच सेवा चालावी. त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत दिली. सिम फोनमध्येच असेल आणि माणूस रोमिंगवर असेल तर अडचण येणार नाही, असा खुलासाही सरकारने केला. तो खरा आहे, पण प्रवासी करतो काय? एकच खाच असलेल्या साध्या फोनमधलं भारतीय सिम तो काढून पाकिटात ठेवतो आणि तिथलं स्थानिक सिम घालतो. या आदेशाची अक्षरशः अंमलबजावणी झाली तर नेमका हाच माणूस व्हॉट्सॲपला मुकेल. ज्याच्याकडे दोन सिमचा फोन आहे तो सुटेल. परदेशी कामाला गेलेला मजूर, बोटीवरचा खलाशी, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, ज्यांना घरच्यांशी बोलण्याचा तोच एक परवडणारा धागा आहे, ते अडकतील.

यावर जो आक्षेप येईल तो हलका नाही, आणि त्याला हलकं उत्तर देऊन चालणार नाही. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशाचं २२,८०० कोटींहून अधिक नुकसान झाल्याचं सरकारचं म्हणणं आहे, आणि भारतीय नंबर वापरून परदेशातून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या खऱ्या आहेत. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्याच्या तपासातही खोट्या कागदांवर मिळवलेल्या सिमकार्डांचा धागा निघाला होता. महाराष्ट्रातल्या माणसाने ते विसरावं असं मी कधीच म्हणणार नाही. सिमची पडताळणी कडक हवीच. पण कडक कुठे आणि कोणाच्या हातून, हा खरा प्रश्न आहे. फसवणुकीसाठी लागणारी सिमं गठ्ठ्याने, लबाड विक्रेत्यांकडून, गरिबांच्या नावावर घेतलेली असतात. पासपोर्ट-व्हिसा घेऊन येणाऱ्या पर्यटकाची माहिती तर सरकारने आधीच घेतलेली असते. व्हिसाच्या अर्जात त्याने सगळं भरलेलं असतं, सीमेवर त्याचे ठसे आणि चेहरा नोंदलेले असतात, तो कोणत्या हॉटेलात उतरला याची नोंद हॉटेलला पोलिसांकडे द्यावी लागते. इतकी पडताळणी झालेल्या माणसाची झेरॉक्स बडा बाजारातल्या दुकानदाराने पुन्हा काढल्याने सुरक्षेत कणभरही भर पडत नाही. सिम देण्याचं काम इमिग्रेशनच्या खिडकीशी जोडलं आणि व्हिसा संपताच ते आपोआप बंद केलं, तर ती पडताळणी आजच्यापेक्षा जास्त पक्की होईल.

दुसरा आक्षेप असा की ओटीपी सोपा आहे, अडाणी माणसालाही समजतो, त्याला पर्याय शोधत बसलात तर साधा फोन वापरणारे बाहेर फेकले जातील. यात तथ्य आहे. म्हणून ओटीपी काढून टाका असं मी म्हणत नाही. तो एकटाच नसावा, एवढंच म्हणणं आहे. शिवाय एसएमएसचा ओटीपी अभेद्य आहे हा समजही सोडायला हवा. दुसऱ्याच्या नावावर सिम बदलून घेऊन खाती रिकामी करण्याचे गुन्हे याच एका कुलपाच्या भरवशावर झाले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या ओळखपडताळणीबद्दल नवे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून एसएमएसशिवायच्या मार्गांना वाट मोकळी केली. राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तर जानेवारी २०२३ मध्येच अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती अशा दहा देशांतल्या नंबरांवर अनिवासी भारतीयांना त्यांच्या एनआरई-एनआरओ खात्यांवरून यूपीआय वापरू देण्याचं ठरवलं. परदेशी नंबर चालवला म्हणून आभाळ कोसळलं नाही. जे काम देशाची सगळ्यात सावध असलेली बँकिंग यंत्रणा करू शकते ते रेल्वेला, पुरातत्त्व खात्याच्या तिकीटखिडकीला आणि टॅक्सीच्या ॲपला का जमू नये?

जपानकडे पाहण्यासारखं आहे. तिथे बोलण्याच्या नंबरासाठी ओळखपत्राचे नियम कडक आहेत, पण अल्पकाळ येणाऱ्या पाहुण्याला फक्त डेटाचं सिम विमानतळावरच्या यंत्रातून किंवा दुकानातून सहज मिळतं. डेटा आणि नंबर वेगळे ठेवले की दोघांचे नियमही वेगळे ठेवता येतात, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. आपल्याकडे मात्र जानेवारी २०२४ मध्ये परवानगी नसल्याच्या कारणावरून दोन मोठ्या परदेशी ई-सिम विक्रेत्यांची ॲप भारतातल्या स्टोअरवरून काढायला लावली गेली. नियम सगळ्यांना सारखा हवा, त्याबद्दल वाद नाही. पण बंद करण्याइतकीच घाई सोपी अधिकृत सोय उभी करण्याची दिसली असती तर बरं झालं असतं.

काही जण म्हणतील, झाशीला येणारे परदेशी ते किती, आणि बाजारात नोट तर अजून चालतेच. नोट चालते हे खरं, आणि चालत राहावी. पण मूठभर लोकांसाठी कशाला, हा विचार मला पटत नाही. जी व्यवस्था परक्या माणसाला अडवते तीच आधारला जोडलेला जुना नंबर हरवलेल्या विधवेलाही अडवते, फोन चोरीला गेलेल्या विद्यार्थ्याला अडवते, मुलाच्या नावावरचं सिम वापरणाऱ्या आजोबांनाही अडवते. पाहुणा हा फक्त तिचा सर्वांत स्पष्ट दिसणारा बळी आहे. आणि आपल्या दारी आलेल्याची ही गैरसोय आपल्याला दिसली, तर आपल्याच माणसांची परदेशातली गैरसोय दूर करण्याचा आग्रह आपण जास्त ताकदीने धरू शकू.

करायचं काय, हे फार मोठं नाही. ई-व्हिसा मंजूर होतानाच, पैसे आकारून, व्हिसाच्या मुदतीपुरतं डेटाचं ई-सिम घेण्याचा पर्याय त्याच पानावर द्यावा. ओटीपी मागणाऱ्या प्रत्येक सरकारी सेवेने परदेशी नंबर किंवा ईमेल स्वीकारलाच पाहिजे, असा आदेश काढावा. सहा महिने-वर्षभर परदेशी जाणाऱ्याला थोड्या शुल्कात नंबर राखून ठेवता यावा, रिचार्ज विसरला म्हणून तो कधीही दुसऱ्याला दिला जाऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे पॅक देणं कंपन्यांना भाग पाडलं, त्याच धर्तीवर हेही होऊ शकतं. सिम फोनमध्ये असण्याची अट परदेशी गेलेल्यांसाठी शिथिल करावी. आणि वाचकहो, तुमच्या घरातून कोणी लांबच्या मुक्कामाला निघत असेल तर तिकिटाइतकीच काळजी त्यांच्या नंबराची घ्या: जाण्यापूर्वी बँकेत ईमेल नोंदवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, आणि परतीच्या तारखेपुढे दोन महिने पुरेल असा रिचार्ज करून ठेवा.

रेल्वे मंत्रालयाला मात्र एवढीच विनंती आहे की सुरुवात वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकापासून करावी. तिथे उतरणाऱ्या आरक्षित प्रवाशाचं नाव आणि पीएनआर रेल्वेकडे आधीच नोंदलेलं असतं. वायफायसाठी मोबाइल क्रमांकाच्या रकान्याखाली पीएनआर आणि पासपोर्ट क्रमांकाचा एक रकाना वाढवावा.